पऱ्हाटीला भाव कोण देणार?

हरित इंधनांची ओळख : लेखांक ७

युरियाची गोणी ४५ किलोची. मोताळ्याच्या कृषी केंद्रात ती २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाकीची किंमत केंद्र सरकार अनुदानातून भरते. त्या एका गोणीतला युरिया बनवायला साधारण साडेचार किलो हायड्रोजन खर्ची पडलेला असतो. आपल्याकडे हा हायड्रोजन बहुतेक नैसर्गिक वायूतून काढतात आणि त्या वायूचा मोठा भाग जहाजाने आयात होतो. म्हणजे हायड्रोजन हा विषय मोताळ्याला नवा नाही. दर खरिपाला तो गोणीत बसून बांधावर येतोच. मागच्या लेखात इलेक्ट्रोलायझर पाण्यातून हायड्रोजन कसा वेगळा करतो ते पाहिले. आजचा प्रश्न सरकारी मदतीचा आहे. ही मदत कुणाला मिळते, आणि मोताळ्यासारख्या घाटाखालच्या कापूस-सोयाबीनच्या तालुक्यापर्यंत ती पोहोचू शकते का?

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ४ जुलै २०२३ रोजी हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले आणि त्यासाठी ८,५६२ कोटी रुपयांची तरतूद ठरवली. राज्याची हायड्रोजनची गरज तेव्हा वर्षाला सव्वापाच लाख टनांच्या आसपास होती. ती २०३० पर्यंत पंधरा लाख टनांवर जाऊ शकते, असा अंदाज होता. धोरणातल्या सवलती पाहिल्या की त्याचा कल कळतो. विजेच्या पारेषण शुल्कात ५० टक्के आणि व्हीलिंग शुल्कात ६० टक्के सूट दहा वर्षे. विद्युत शुल्क दहा ते पंधरा वर्षे माफ. मुद्रांक शुल्क आणि अकृषिक कर माफ. गॅसमध्ये हायड्रोजन मिसळला तर किलोमागे ५० रुपये. पहिल्या वीस हायड्रोजन पंपांना आणि पहिल्या पाचशे प्रवासी वाहनांना भांडवली अनुदान. यातली एकही सवलत चुकीची नाही. हायड्रोजनच्या खर्चात विजेचा वाटा सर्वांत मोठा असतो, किलोमागे पन्नास-पंचावन्न युनिट लागतात, तेव्हा विजेवर सूट देणे शहाणपणाचेच. पण या सगळ्या सवलती वीज, यंत्र, पंप आणि पाइपलाइन यांच्याभोवती फिरतात. गिऱ्हाईकही किनाऱ्यावरचे आहे. मुंबईच्या तेलशुद्धीकरण कंपन्या, ट्रॉम्बे आणि थळचे खत कारखाने, तळोज्याचा अमोनिया प्रकल्प. हायड्रोजन इतका हलका की तो दाबून सिलिंडरात भरला तरी तीस टनांच्या ट्रेलरवर तीन-चारशे किलोच मावतो. मोताळ्याशेजारच्या मलकापूरहून असा ट्रेलर मुंबईला धाडण्यात कुणालाच फायदा नाही.

मग मोताळ्याने सौर पट्ट्यांसाठी जमीन भाड्याने द्यावी आणि गप्प बसावे? तेही वाईट नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ ठरली, ग्रामपंचायतीला तीन वर्षे पाच-पाच लाख रुपये ठरले. गावापर्यंत पोहोचणारे धोरण कसे लिहायचे असते, याचा हा चांगला नमुना म्हणता येईल. रक्कम ठरलेली, ती कुणाला मिळणार हे ठरलेले, मोजमाप सोपे. पण या योजनेतून पैसा जमीनवाल्याला मिळतो. शेतात पीक काढल्यावर जे उरते, त्याला मात्र कुठल्याच खात्यात शीर्षक नाही.

आणि उरते ते थोडे नसते. कापसाच्या एका हेक्टरमागे दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. थोडी चुलीला जाते, थोडी कुंपणाला. बाकीची उपटून धुऱ्यावर रचतात आणि उन्हाळ्यात काडी लावतात. सोयाबीनचे कुटार जनावरे खातात, त्याला हात लावू नये. तुराट्यांना घरोघरी उपयोग आहे. पऱ्हाटी मात्र शेतातून हलवावीच लागते, कारण वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसून पुढच्या हंगामाची वाट पाहते. फरदड (हंगामानंतर लांबवलेले कापसाचे पीक) घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत काढा, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. शेतकऱ्याला ते पटतेही, पण उपटायची मजुरी त्याच्या खिशातून जाते आणि हाती काहीच येत नाही. नेमकी इथे नव्या इंधनाची सांगड बसते. पऱ्हाटी लाकडासारखी कडक असल्याने गोबरगॅसच्या टाकीत ती नीट कुजत नाही. तिच्यासाठी वाट वेगळी आहे, कमी हवेत तापवून तिचा वायू करायचा. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ऑक्सिजन आणि वाफेच्या साहाय्याने एक किलो जैवभारातून शंभर ग्रॅम हायड्रोजन काढून दाखवला आहे. जैवभारात मुळात साठ ग्रॅमच असतो, वरचा वाफेतून येतो. प्रत्यक्ष कारखान्यात तेवढा निघणार नाही, हे धरूनच चालू. तरी हेक्टरी दोन टन पऱ्हाटी धरली तर तिच्यातून दोनशे किलो हायड्रोजन ही कागदावरची कमाल मर्यादा आहे, आणि ती चाळीसहून अधिक युरिया गोण्यांच्या गरजेइतकी आहे. केंद्राच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेच्या व्याख्येत जैवभारापासूनचा हायड्रोजनही बसतो. उत्पादन अनुदानाच्या पहिल्या फेरीत साडेचार लाख टनांपैकी चाळीस हजार टन त्याच्यासाठी राखून ठेवले होते. दार किलकिले आहे, एवढे म्हणता येईल.

माझे म्हणणे असे की राज्याच्या मदतीचा एक हिस्सा यंत्राच्या तोंडाशी न देता शेताच्या तोंडाशी द्यावा. रोज दहा टन जैवभार लागणाऱ्या छोट्या प्रकल्पाला तीनशे दिवसांचे तीन हजार टन हवेत. हेक्टरी दोन टन धरले तर पंधराशे हेक्टरांवरची पऱ्हाटी, तीही वेचणी संपल्यापासून मशागतीपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत. अडचण तंत्रज्ञानाची कमी आणि वाहतुकीची जास्त. अख्खी पऱ्हाटी ट्रॉलीत रचली तर ट्रॉली काठोकाठ भरते, दोर आवळावे लागतात, आणि काट्यावर मात्र वजन भरत नाही. डिझेल वाऱ्याला वाहून नेण्यात जाते. म्हणून शेतातच श्रेडरने तुकडे करायला हवेत. त्यात बोंडेही चिरडली जातात, आणि अळी गंजीत बसून गावभर पसरण्याची भीती कमी होते. श्रेडर, तो चालवणारी गावातली तरुण मंडळी आणि टनामागे ठरलेला गोळा करण्याचा दर, एवढ्या तीन गोष्टींना आधार दिला की पुढचे यंत्र आपोआप मागे येते.

यावर पहिला आक्षेप पाण्याचा येईल, आणि ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे तो यायलाच हवा. म्हणून सौर विजेवरच्या इलेक्ट्रोलायझरचेच आकडे मांडू. एक मेगावॉट सौर विजेतून वर्षाला पंधरा लाख युनिट मिळतात, त्यातून साधारण सत्तावीस टन हायड्रोजन. शुद्धीकरण आणि थंड करणे धरून किलोमागे वीस लिटर पाणी, म्हणजे वर्षाकाठी दहा हजार लिटरचे चौपन्न टँकर. एक हेक्टर कापूस पेरणीपासून वेचणीपर्यंत जेवढे पाणी पितो, त्याचा हा दहावा हिस्साही नाही. वैनगंगेचे पाणी ४२६ किलोमीटर वळवून ज्या नळगंगा धरणात आणायचे ठरले आहे, ते याच तालुक्यातले. पाण्याचा प्रश्न खरा आहे, फक्त तो हायड्रोजनमुळे सुटणार नाही आणि बिघडणारही नाही. मे महिन्यात प्रकल्पाने गावच्या विहिरीला हात लावायचा नाही, एवढी अट परवान्यातच घातली म्हणजे झाले.

दुसरा आक्षेप जमिनीचा, आणि तो जास्त वजनदार. विदर्भातल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी, त्यात काडीकचराही उचलून नेला तर उरले काय? कुणी पऱ्हाटी कुट्टी करून जमिनीत गाडत असेल तर त्याच्याकडून ती मागूच नये. धुऱ्यावर जळणाऱ्या पऱ्हाटीपुरतेच हे गणित आहे. वायू काढल्यावर मागे राहणारा कोळसा शेतात परत जाणे करारात लिहिलेले असावे. चुलीसाठी पऱ्हाटी वेचणाऱ्या भूमिहीन बायांचा वाटाही आधी बाजूला काढायला हवा. आज ती फुकट मिळते. भाव फुटला की ती फुकट राहणार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत पटतो. हायड्रोजनचा हट्ट कशाला? पऱ्हाटीच्या पेलेट करून औष्णिक वीज केंद्रांना द्या, तिथे कोळशात जैवभार मिसळण्याची सक्ती आहेच. शेण, मक्याचे धांडे आणि मंडईचा कचरा यांचा बायोगॅस करा. शहरांतल्या गॅस वितरकांना २०२५-२६ पासून एक टक्का कॉम्प्रेस्ड बायोगॅस मिसळणे बंधनकारक झाले, २०२८-२९ पर्यंत ते पाच टक्क्यांवर जायचे आहे. मान्य. आज विचारले तर पहिली पाच वर्षे पेलेट आणि बायोगॅस यांनाच द्यावीत, हायड्रोजन नंतर. पण म्हणूनच मदत गोळा करण्याला हवी, कारण श्रेडर, ट्रॉली आणि गोदाम तिन्ही वाटांना तेच लागते. धोरणात आज ‘हायड्रोजन’ या शब्दावर अनुदान आहे आणि कच्च्या मालाच्या साखळीवर नाही. घराघरातल्या गोबरगॅसचे काय झाले ते आठवावे. टाकी बांधायला अनुदान मिळाले, ती चालू ठेवायला मिळाले नाही, आणि गोठ्यातली जनावरे कमी झाली तशा कितीतरी टाक्या कोरड्या पडल्या. केंद्राच्या ‘सतत’ योजनेत २०१८ साली पाच हजार बायोगॅस प्रकल्पांचे लक्ष्य ठेवले होते. उभे राहिलेले प्रकल्प त्या आकड्याच्या जवळपासही नाहीत. कच्चा माल वेळेवर येणे आणि मागे उरणाऱ्या खताला गिऱ्हाईक मिळणे, याच दोन जागी ते अडखळतात.

राहता राहिला वजनकाटा. कापूस खरेदी केंद्रावर ओलाव्यावरून होणारी हुज्जत इथल्या शेतकऱ्याला पाठ आहे. आठ टक्क्यांवर कपात, बारावर माल परत. पऱ्हाटीचेही तेच होणार. जानेवारीत उपटलेली ओली पऱ्हाटी महिनाभरात निम्मी हलकी होऊ शकते, आणि दर टनावर असेल तर शेतकरी ओली आणेल, खरेदीदार सुकी मागेल. म्हणून दर सुक्या वजनावर ठरावा, ओलावा गाडीसमोर मोजावा, मीटर ग्रामपंचायतीच्या ताब्यात असावा आणि पावतीवर दोन्ही आकडे यावेत.

(पुढील लेख : शेणखताची विक्री आणि बायोगॅसचा ताळेबंद)