ढिगाऱ्याखालची हद्द

भूकंप म्हटलं की पडलेली घरं डोळ्यांपुढे येतात. आज आम्ही बोलणार आहोत त्या घरांखालच्या जागेबद्दल. भिंत गेली, मग आपली जागा कुठवर?

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे किल्लारी भागातली दगडमातीची माळवदी घरं कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं पुढे नव्या जागी वसवली. नवं घर केवढं, हे जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्यापुढे 750. कागदाला एवढं वजन! नवरा गेला आणि वारसनोंद झालेली नाही, अशा बाईला मग आधी आपण कोण हेच सिद्ध करत बसावं लागतं.

शेताचं त्यातल्या त्यात सोपं. बांधाचा दगड हलला तरी नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात असतो. मोजणीचा अर्ज दिला की लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस जाते, भूकरमापक येतो. शिवेचा दगड, जुनी विहीर अशा न हललेल्या खुणा धरून तो नकाशाशी ताळा घेतो. पूर्वी 33 फुटांची साखळी असायची. 33 बाय 33 फूट म्हणजेच आपला गुंठा. आता यंत्रं आलीत. मोजणीनंतर ‘क’ प्रत मिळते. ती पटली नाही तर निमताना मोजणी मागता येते. त्या दिवशी पुरुष बांधावर आणि आपण चुलीपाशी, असं करू नका. हद्दीची खूण आपण स्वतः पाहायची.

अवघड असतं ते गावठाण. पुष्कळ गावांत घराचा कागद म्हणजे नमुना 8चा उतारा, आणि तो घरपट्टीसाठी असतो, मालकीचा पुरावा नव्हे. त्यात दोन घरांना मिळून एकच भिंत. ती पडली की हद्द सांगायला उरतं फक्त जोतं. गाव जागेवरच पुन्हा बांधायचं असेल, तर ढिगारा उपसताना जोतं उघडं पडलं की थांबा. जेसीबी एकदा फिरला की तेही गेलं. दोन्ही शेजारी बोलवा, टेप धरा, फोटो काढा. पार किंवा देवळाचा कोपरा शाबूत असेल तर तिथून आपलं जोतं किती फुटांवर, तेही लिहा. तलाठी, ग्रामसेवकांना पंचनामा करायला सांगा, वाचून सही करा आणि एक प्रत मागून घ्या.