सारेच प्रश्न प्रश्न असतात काय?

उन्हाळ्यात ओढा आटला म्हणजे 'पाणी कोठे गेले?' असे विचारता येते. काही जमिनीत मुरले, काही उन्हाने उडाले. पण 'ओढ्याचे वाहणे कोठे गेले?' असे कोणी विचारले तर? वाक्य व्याकरणशुद्ध आहे. शोध मात्र कोठे घ्यावा हे कळत नाही. विसाव्या शतकात व्हिएन्ना येथील चिंतकांच्या मंडळाने, विशेषतः रूडॉल्फ कार्नाप यांनी, तत्त्वज्ञानातील पुष्कळ जुने प्रश्न याच जातीचे ठरविले. ज्याचे उत्तर कोणत्याही अनुभवाने खरे वा खोटे ठरू शकत नाही, तो प्रश्न नव्हे, प्रश्नाचा आभास होय.

हा निकष आपल्या लातूर जिल्ह्यातील किल्लारीस लावून पाहू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास तेथे भूकंप झाला आणि किल्लारी व आसपासच्या गावांत हजारो माणसे दगावली. 'भूकंप का झाला?' हा प्रश्न खरा. भूगर्भशास्त्रज्ञ त्याचा शोध घेतात. 'इतकी माणसे का मेली?' हा त्याहूनही खरा. लोक निजलेले होते. मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर मातीचे अवजड माळवद होते. भिंती ढासळल्या आणि माळवद अंगावर आले.

आणि 'आमच्याच घरी का?' येथे 'आमच्याच' या शब्दाने कोणी तरी निवड करणारा गुपचूप आत आणून बसविला आहे. कार्नापांच्या कसोटीस हा प्रश्न उतरत नाही. तथापि मूल गमावलेल्या मातेस 'बाई, तुमचे वाक्य निरर्थक आहे' असे सांगणारा तर्कपंडित मला तरी बहिरा वाटतो. तो आक्रोश आहे. त्याने प्रश्नाचे रूप घेतले इतकेच.

खरा धोका त्यास उत्तर देणाऱ्यांचा. १९३४ च्या बिहारच्या भूकंपास गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाचे शासन म्हटले. रवींद्रनाथांनी त्यास जाहीर विरोध केला. हेतू थोरच होता. पण असले उत्तर एकदा मान्य केले की त्या मातेच्या दुःखावर अपराधाचेही ओझे चढते, आणि भिंतीकडे कोणी पाहत नाही. किल्लारीनंतर सरकारने व संस्थांनी भिंतीकडे पाहिले. गावे नव्या जागी वसविली आणि धक्का सोसतील अशी घरे बांधली.