पाच चवींचं भांडं

फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री अमरावतीच्या राजापेठेत हातगाड्यांवर दिसू लागली, की मी फळ हातात घेऊन आधी सालीचा वास घेतो. नखाने हलकंसं खरवडलं की बोटाला तेल लागतं आणि संत्रं कितपत ताजं आहे ते तिथेच कळतं. गाडीवाला एकदा म्हणाला, "काय पाहून राह्यले भाऊ? गोड आहे ना जी." मी म्हटलं, "मले सालच पाह्यजे." त्याला वाटलं, उटण्यासाठी नेतोय. मला ती पंचसाठी हवी होती.

रम, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला, हे पाच जिन्नस एका मोठ्या भांड्यात एकत्र केले की रम पंच होतो. वेस्ट इंडीजच्या किनाऱ्यावरची साहेबी चैन अशी त्याची ओळख झाली आहे. नाव मात्र आपल्या तोंडातलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फिरत होता. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली छापून आलं. त्यात तो लिहितो, की इथले इंग्रज गोव्याच्या अरकेत, म्हणजे गाळलेल्या दारूत, इतर जिन्नस घालून 'पाँच' नावाचं पेय करतात आणि हिंदुस्थानी भाषेत या शब्दाचा अर्थ पाच. त्याच्याही आधी, १६३२ सालच्या कंपनीच्या एका पत्रात पंचचा उल्लेख सापडतो. काही अभ्यासक हा शब्द दारूच्या पिंपाच्या इंग्रजी नावाशी जोडतात. मला फ्रायरचं पटतं, कारण तो ते पेय जिथे बनत होतं तिथेच उभा राहून ऐकत होता.

मुंबईत १६९४ साली निघालेला कंपनी सरकारचा एक हुकूम तर मला फारच आवडतो. खाणावळीत पंच प्यायला आलेल्या माणसाने एक क्वार्ट, म्हणजे साधारण लिटरभर, चांगली गोव्याची अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचं पाणी मागून घ्यावं आणि आपला पंच आपण करावा, असं त्यात आहे. भांड्यावर बाजाराच्या कारकुनाचा शिक्का नसेल, तर गिऱ्हाइकाने ते खुशाल फोडावं. भांड्याचे पैसे द्यायचे नाहीत आणि पंचचेही नाहीत. माप मारणाऱ्यांसाठी केलेला हा बंदोबस्त. त्या मापाचा पंच मी आज कुणाला देणार नाही, फार जहाल होईल. पण दुकानदाराने जिन्नस द्यावेत आणि जुळवाजुळव पिणाऱ्याने करावी, ही रीत मला या पेयाचा आत्मा वाटते.

तेव्हा अरक होती, रम नंतर आली. खलाशांबरोबर पंच जगभर गेला. कॅरिबियन बेटांवर उसाचे मळे होते आणि साखर काढून उरलेल्या मळीपासून रम गाळली जात होती. तिथे अरकेची जागा रमने घेतली. तिथलं तोंडी प्रमाण आजही चालतं: एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग कडक, चार भाग पातळ. जायफळ वरून, चिमूटभर.

हे प्रमाण पहिल्यांदा कळलं तेव्हा मला आजीच्या हातचं पंचामृत आठवलं. देवाचं नव्हे, सणाच्या ताटात डाव्या बाजूला वाढायचं ते. चिंच, गूळ, तीळ, दाण्याचा कूट, मिरची. गूळ जरा जास्त झाला की ती चिंचेचा कोळ वाढवायची, मग पुन्हा चव घ्यायची. तिने कधी वाटी-चमचा मोजला नाही. पाचही चवी जिभेवर याव्यात आणि एकीनेही दुसरीला दाबू नये, एवढंच तिचं माप. पंच करणाऱ्याला याहून वेगळं काही शिकायचं नसतं.

आठ जणांसाठी मी असा करतो. चार-पाच संत्री कोमट पाण्यात चोळून धुतो आणि धारदार सुरीने फक्त नारिंगी साल काढतो. आतला पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. या सालीत २०० ग्रॅम साखर घालून हाताने चुरडायची आणि झाकून ठेवायची. चार-पाच तासांनी झाकण काढावं. कोरडी ठणठणीत साखर ओली झालेली असते, सालीतलं तेल तिने ओढून घेतलेलं असतं, आणि वास असा येतो की वरुडच्या बागेत उभं असल्यासारखं वाटावं. त्यात कपभर गरम पाणी ओतून साखर विरघळवायची आणि गाळून घ्यायची. हा झाला गोड भाग, सुमारे ३०० मिली.

आंबटासाठी कागदी लिंबू. अकोल्याकडे बाळापूर तालुक्यातल्या वाडेगावची लिंबं मिळाली तर उत्तम. सात-आठ लिंबांचा १५० मिली रस निघतो. रम ४५० मिली, काळी. राहिले ६०० मिली पातळ: अर्धं माठातलं पाणी, अर्धा संत्र्याचा रस.

या रसाने मला पहिल्याच वेळी फसवलं. पाहुणे रात्री यायचे होते आणि मी सकाळीच रस काढून ठेवला. संध्याकाळी तो कडू झालेला. नागपुरी संत्र्याचा स्वभावच तो. फोडीतून निघालेला रस थांबला की कडवट होत जातो, आणि बी चिरडली गेली तर आणखीच. सगळं भांडं ओतून द्यावं लागलं. तेव्हापासून रस अगदी शेवटी, पाहुणे चपला काढत असताना, आणि हलक्या हाताने.

बर्फही बारीक नको, तो भराभर वितळून सगळं पाणचट करतो. स्टीलच्या डब्यात पाणी भरून आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवावं आणि तो सबंध ठोकळा भांड्यात सोडावा.

आता हिशेब. आपल्याकडच्या रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. वरच्या प्रमाणात ते १३ टक्क्यांच्या आसपास येतं. २०० मिलीच्या एका पेल्यात ६० मिली रम, म्हणजे पुरता मोठा पेग. गोड-आंबटाखाली तो जाणवत नाही आणि धोका तिथेच आहे. म्हणून माझ्याकडे पेले लहान असतात आणि दुसऱ्यांदा कुणी मागितलं की मी आधी जेवण वाढतो.

मी हे ज्या गावात बसून लिहितो, तिथे गाडगेबाबांची समाधी आहे. नागपूरच्या रस्त्याला तुकडोजी महाराजांची मोझरी आहे. दारूने घरं कशी बसतात हे त्या दोघांनी गावोगाव फिरून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. संत्र्याच्या या मुलखात 'संत्रा' हा शब्द देशीच्या बाटलीवरही असतो, आणि ती बाटली आडवी करण्यासाठी बायकांनी महाराष्ट्रात गावोगाव मतदान केलं आहे. माझ्या वस्तीतही त्या बाटलीने नेलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून पंच मी वर्षातून दोन-तीनदाच करतो, परवाना काढून, पंचविशीच्या आतल्या कुणाला न देता. ज्याला नको असेल त्याला आग्रह नाही.

आणि म्हणूनच रम सगळ्यात शेवटी ओततो. आधी साखर, लिंबू, पाणी आणि संत्र्याचा रस एकत्र केला की निम्मं वेगळ्या तांब्यात काढून घेतो. त्यात थोडं सैंधव आणि जायफळ. सासूबाई तेच पितात आणि दरवेळी म्हणतात, "यात काय कमी आहे जी?" खरंच काही कमी नसतं. मग उरलेल्या निम्म्याच्या मापाने भांड्यात रम ओततो.

गाळून उरलेल्या साली मी फेकत नाही. गच्चीवर ताटात पसरून दोन दिवस उन्हात ठेवल्या की साखरेने कडक होतात. रम त्यांना लागलेली नसते, त्यामुळे त्या बरणीत भरून ठेवतो. शाळेतून आलेली पोरं आधी त्या बरणीलाच हात घालतात.