वंगणाचा दाब

पुण्याहून पौडमार्गे निघालेला रस्ता मुळशीच्या विस्तीर्ण जलाशयाच्या काठाने पुढे जातो आणि ताम्हिणी घाटातून कोकणात उतरतो. समजा, एक मोटार माणगावहून हा घाट चढत आहे. एका अवघड वळणावर चालकासमोरच्या फलकावरील, तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा लुकलुकू लागतो. इंजिनाचा आवाज नेहमीसारखाच आहे. ‘आता पौडला पोहोचल्यावरच पाहू,’ असा विचार चालकाच्या मनात येतो. परंतु तसे केल्यास पौड येण्यापूर्वीच इंजिन निकामी होण्याचा संभव असतो. असे का व्हावे?

इंजिनातील दट्ट्ये वरखाली होतात व त्यांच्या बळाने क्रँक नावाचा जाड दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो. हा दांडा ज्या कड्यांत फिरतो त्यांस बेअरिंग म्हणतात. इंजिन नीट चालू असताना दांडा आणि बेअरिंग एकमेकांवर घासत नाहीत; त्यांच्यामध्ये वंगणतेलाचा केसाहूनही पातळ थर असतो. तो थर नाहीसा झाला, तर धातूवर धातू घासतो, प्रचंड उष्णता उत्पन्न होते आणि थोड्याच वेळात दांडा जागच्या जागी अडकून बसतो.

हे तेल इंजिनाच्या तळाशी असलेल्या भांड्यात साठलेले असते. पंप ते जाळीतून ओढतो आणि गाळणीतून शुद्ध करून, बारीक मार्गांनी बेअरिंगपर्यंत पोहोचवितो. मुळशीच्या जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथील वीजघरात उतरते, तेव्हा त्याला उंचीमुळे दाब लाभतो. त्याच दाबावर १९२७ सालापासून तेथे वीज निर्माण होत आली आहे. इंजिनात तशी उंची नाही, म्हणून तेलाला पुढे ढकलण्याचे काम पंपाला करावे लागते. तेलाचा दाब फार उतरला, की लाल दिवा लागतो.

म्हणून जाणता चालक सुरक्षित व सपाट जागा पाहून गाडी थांबवितो आणि इंजिन तत्काळ बंद करतो. तेल तळाशी निथळावे म्हणून तो सुमारे १० मिनिटे वाट पाहतो. मग तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढून पुसतो, पुन्हा आत घालतो आणि तेल तिच्यावरील दोन खुणांच्या दरम्यान आहे की नाही, हे पाहतो. तेल कमी असल्यास चढावर व वळणावर ते भांड्याच्या एका बाजूस जमते. जाळीचे तोंड उघडे पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. वळणावरच दिवा का लुकलुकला, याचे उत्तर येथे मिळते.

तेल पुरेसे असूनही दिवा विझत नसेल, तर गाडी ओढून कारखान्यात न्यावी. तेथील कुशल कारागीर सोप्या कारणाकडून अवघड कारणाकडे जातो. दिव्याला सूचना देणारा खटकाच बिघडला असेल, म्हणून तो काढून त्या जागी दाबमापक बसवितो आणि खरा दाब पाहतो. दाब खरोखरच कमी असेल, तर तेलात इंधन मिसळून ते पातळ झाले आहे काय, जाळी गाळाने भरली आहे काय, जादा दाब सोडणारी झडप उघडीच अडकली आहे काय, पंप झिजला आहे काय, हे तो क्रमाने तपासतो. सर्वांत अवघड कारण म्हणजे झिजलेली बेअरिंगे. फट रुंदावली, की फुटक्या नळातून पाणी वाहावे तसे तेल सहज निसटते आणि दाब टिकत नाही. अशा वेळी दाट तेल घालून दिवा विझविता येतो. पण झीज तशीच राहते.

घाटातील त्या मोटारीच्या तळाशी तेल सोडण्याचे बूच ढिले झालेले आढळले. चालकाने पान्याने ते घट्ट केले, योग्य प्रतीचे तेल खुणेपर्यंत भरले आणि इंजिन सुरू केले. काही क्षणांतच दिवा विझला. घाटात खर्च झालेल्या अर्ध्या तासाने एक इंजिन वाचविले होते.