गर्भनिरोधक गोळी आणि रक्ताची गुठळी

१९५६ साली पोर्तो रिकोमध्ये गर्भनिरोधक गोळीची पहिली मोठी चाचणी झाली. मळमळ, चक्कर व डोकेदुखी यांच्या तक्रारी डॉ. एड्रिस राईस-रे यांनी नोंदविल्या. संशोधकांनी त्या मनाचे खेळ ठरविल्या! त्या गोळीत इस्ट्रोजेनचे प्रमाण आजच्यापेक्षा कितीतरी अधिक होते. इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. पायाच्या शिरेत धरलेली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकल्यास प्राणांवर बेतते. आज हा धोका अल्प आहे, नाहीसा झालेला नाही. पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, उच्च रक्तदाब असलेल्या किंवा डोळ्यांपुढे झगमग होऊन अर्धशिशी उठणाऱ्या स्त्रीने इस्ट्रोजेनयुक्त गोळी टाळावी. बीजकोशाच्या कर्करोगाचा संभव गोळीने घटतो, हेही खरे. परंतु गोळी घेणाऱ्या स्त्रीचा एक पाय अकस्मात सुजून दुखू लागल्यास तिने तत्काळ डॉक्टरांकडे जावे.