वाखाऊ : सायकलने आणि पायी

ऑस्ट्रियातील मेल्क आणि क्रेम्स या गावांदरम्यानचे डॅन्यूब नदीचे सुमारे ३६ किलोमीटर लांबीचे खोरे म्हणजे वाखाऊ. २००० पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. नदीच्या दोन्ही काठांनी सायकलमार्ग आहेत. मेल्कहून निघाल्यास वाट प्रवाहासोबत जाते आणि मोठे चढ लागत नाहीत. श्पिट्झजवळ आडव्या तारेला बांधलेली फेरीबोट इंजिनाविना, केवळ पाण्याच्या जोरावर सायकलींसह पैलतीरी नेते.

द्राक्षमळे मात्र पायीच पाहावेत. चुना-माती न वापरता रचलेल्या दगडी ताली तीव्र उतारांवर माती धरून ठेवतात; दिवसा तापलेले दगड रात्री वेलींना ऊब देतात. ग्र्युनर फेल्टलिनर आणि रीसलिंग हे इथले मुख्य वाण. ड्यूर्नश्टाइनच्या पडक्या किल्ल्यापर्यंतची चढण दमवते, पण वरून दिसणारे खोरे त्याचे चीज करते. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात येथे कैदेत होता.

मळेवाले घरची वाइन ‘हॉयरिगर’मध्ये पाजतात, दारावर हिरवी डहाळी टांगलेली असली की ते उघडे असते. मद्यपानाचा कायदा ऑस्ट्रियात सायकलस्वारांनाही लागू आहे : रक्तातील अल्कोहोलची मर्यादा हजारी ०.८.