एक हंगाम, दोन आठवणी आणि सत्तावीस वर्षांचा सामना

१४ एप्रिलची जयंती संपते आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वस्त्या-वस्त्यांतून निळ्या पताका अजून वाऱ्यावर फडफडत असतात. रात्रभर मिरवणुकीत चालून पाय दुखत असतात, पण मन भरलेले असते. त्याच दिवशी, म्हणजे १५ एप्रिलला, इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या बंदराच्या शहरात लोक लाल मफलर गळ्यात घालून फुटबॉलच्या मैदानाशेजारच्या स्मारकापाशी येतात, फुले ठेवतात आणि दुपारी ३ वाजून ६ मिनिटांनी मान खाली घालून स्तब्ध उभे राहतात. त्या स्मारकावर ९७ नावे कोरलेली आहेत. ही माणसे कुठल्या युद्धात मेली नाहीत. ती फुटबॉलचा सामना पाहायला गेली होती.

वाचकहो, फुटबॉलचा आणि आपला काय संबंध, असे कुणी विचारील. आपली पोरे क्रिकेट खेळतात, फार तर कबड्डी. हे खरे. परंतु ज्यांच्या हातात सत्ता नाही, पैसा नाही, वर्तमानपत्र नाही, अशा कष्टकरी माणसांवर खोटा आळ आला तर त्यांनी काय करावे, हा प्रश्न कुठल्याही एका देशाचा नाही. म्हणून १९८८-८९ च्या त्या हंगामाची गोष्ट आम्ही आज कुटुंबाच्या या पानावर सांगत आहोत.

शेवटच्या मिनिटाचा गोल

इंग्लंडमधले फुटबॉलशौकीन एकत्र बसले आणि जुन्या हंगामांवर बोलणे निघाले, की १९८८-८९ चे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. लंडनच्या आर्सेनल संघाचा चाहता लगेच २६ मे १९८९ च्या रात्रीवर येतो. हंगामाचा अगदी शेवटचा सामना, तोही लिव्हरपूलच्या घरच्या, अॅनफिल्डच्या मैदानावर. विजेतेपदासाठी आर्सेनलला नुसते जिंकून भागणार नव्हते, दोन गोलांच्या फरकाने जिंकायचे होते. दुसऱ्या डावात अॅलन स्मिथने डोक्याने पहिला गोल केला. मग वेळ संपत आली. नव्वद मिनिटे उलटून गेली आणि मायकेल थॉमस हा लंडनच्या कष्टकरी वस्तीतला कृष्णवर्णीय तरुण एकटा चेंडू घेऊन आत घुसला व त्याने दुसरा गोल केला. दोन्ही संघांचे गुण ७६. केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांचा फरकही दोघांचा ३७. मात्र आर्सेनलने हंगामात ७३ गोल केले होते, लिव्हरपूलने ६५. तेवढ्यावर विजेतेपद लंडनला गेले. आर्सेनलला ते १८ वर्षांनी मिळाले होते.

त्या संघात थॉमसबरोबर डेव्हिड रोकॅसल आणि पॉल डेव्हिस हेही कृष्णवर्णीय खेळाडू होते. लिव्हरपूलकडे जॉन बार्न्स होता. जमैकात जन्मलेला, बाराव्या वर्षी इंग्लंडला आलेला हा खेळाडू १९८७ साली लिव्हरपूलच्या संघात आला, तेव्हा त्याच्या रंगावरून प्रेक्षकांतून शिव्या येत. १९८८ साली तर भर सामन्यात त्याच्याकडे केळे फेकले गेले. बार्न्सने ते टाचेने बाजूला उडवले आणि तो खेळत राहिला. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर गेले. माणसाला माणूस न मानण्याची खोड काही एकाच देशाची नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पुढे १९९३ साली वर्णद्वेष मैदानातून हद्दपार करण्याची मोठी मोहीम इंग्लंडमध्ये उभी राहिली. तिच्या आधीपासूनच काही ठिकाणी साधे प्रेक्षकच पत्रके छापून, स्वतःच्याच संघाच्या दंगेखोरांविरुद्ध मैदानाबाहेर उभे राहत होते.

ही झाली आर्सेनलच्या चाहत्याची आठवण. पण लिव्हरपूलच्या चाहत्याशी त्याच हंगामाविषयी बोलायला बसा. तो २६ मे पर्यंत पोहोचतच नाही. त्याचा हंगाम १५ एप्रिलला थांबलेला असतो.

त्या दिवशी काय घडले

शेफिल्ड शहरातल्या हिल्सबरो मैदानावर त्या दिवशी चषक स्पर्धेचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूलविरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक. त्या काळी स्वस्त तिकिटाच्या लोकांनी उभ्यानेच सामना पाहायचा असे. त्यांच्यासाठी पायऱ्या असत आणि दंगे होतात म्हणून त्या पायऱ्यांना समोरून व बाजूंनी लोखंडी कुंपणे घातलेली असत. खरे तर ते पिंजरेच होते. लिव्हरपूलच्या उभ्या प्रेक्षकांची १०,१०० तिकिटे होती आणि त्या सगळ्यांनी आत जायचे होते अवघ्या ७ फिरत्या दारांतून.

साहजिकच बाहेर चेंगराचेंगरी होऊ लागली. २ वाजून ५२ मिनिटांनी पोलीस अधिकाऱ्याने बाहेर जाण्याचे एक मोठे फाटक उघडायचा हुकूम दिला. सुमारे दोन हजार माणसे आत आली. समोर एक बोगदा होता, तो सरळ मधल्या दोन पिंजऱ्यांत जात होता. ते आधीच गच्च भरले होते. बाजूच्या पिंजऱ्यांत जागा होती, पण बोगदा बंद करून लोकांना तिकडे वळवायला कुणी उभे नव्हते. मागच्यांना पुढचे दिसत नव्हते, पुढच्यांना मागे जाता येत नव्हते. ३ वाजून ६ मिनिटांनी सामना थांबला, तोवर फार उशीर झाला होता. माणसे उभ्या-उभ्या गुदमरली. प्रेक्षकांनीच जाहिरातींच्या फळ्या उखडल्या आणि त्यांवर जखमींना घालून धावत नेले. मृतांत सर्वांत लहान मुलगा १० वर्षांचा, सर्वांत वयस्क माणूस ६७ वर्षांचा. अनेक जण विशीच्याही आतले.

आणि ही काही न सांगता आलेली आपत्ती नव्हती. याच मैदानाच्या याच बाजूला १९८१ सालच्या उपांत्य सामन्यात चेंगराचेंगरी होऊन ३८ माणसे जखमी झाली होती. त्यातून कुणी धडा घेतला नाही.

मेलेल्यांवरच आळ

माणसे अजून मैदानावर पडलेली असतानाच मुख्य पोलीस अधिकाऱ्याने सांगितले, की प्रेक्षकांनी फाटक जबरदस्तीने उघडले. हे धडधडीत खोटे होते. फाटक त्याच्याच हुकमावरून उघडले होते. मृतांच्या रक्तात दारू आहे का, हे तपासले गेले; त्यात लहान मुलेही होती. चार दिवसांनी, १९ एप्रिलला, 'द सन' या मोठ्या खपाच्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर 'सत्य' असा मथळा देऊन छापले, की लिव्हरपूलच्या चाहत्यांनी मेलेल्यांचे खिसे कापले आणि मदत करणाऱ्या पोलिसांच्या अंगावर लघवी केली.

विचार करा, ज्या आईने परवाच पोराचे प्रेत ओळखले, तिच्या हातात सकाळी हे वर्तमानपत्र पडले असेल. लिव्हरपूल म्हणजे गोदी कामगारांचे शहर. त्या दशकात तिथे बेकारी माजलेली होती. असल्या वस्तीतले लोक दारुडे, दंगेखोर, चोरटेच असणार, हा समज आधीच पसरवलेला होता. त्यामुळे खोटे पटकन खपले. गरिबावर आळ घ्यायला पुरावा लागत नाही, आळ पुसायला मात्र हजार पुरावे लागतात.

शहराने काय केले

पहिली गोष्ट, त्या शहराने आपसातले भांडण बाजूला ठेवले. लिव्हरपूल शहरात दोन संघ. लाल रंगाचा लिव्हरपूल आणि निळ्या रंगाचा एव्हर्टन. एकाच घरात एक भाऊ लाल, दुसरा निळा. पण त्या आठवड्यात दोन्ही मैदानांच्या मधल्या बागेतून लाल-निळे मफलर एकमेकांना बांधून सुमारे एक मैलाची साखळी केली गेली. अॅनफिल्डचे मैदान फुलांनी भरून गेले. व्यवस्थापक केनी डॅग्लिश आणि बार्न्ससारखे खेळाडू एकामागून एक अंत्ययात्रांना गेले. २६ मे च्या रात्री आर्सेनलचे खेळाडू हातात पुष्पगुच्छ घेऊन मैदानात आले व ते त्यांनी लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना दिले. सामना संपल्यावर, विजेतेपद डोळ्यांदेखत गेले असतानाही, लिव्हरपूलच्या चाहत्यांनी उभे राहून आर्सेनलसाठी टाळ्या वाजवल्या. ज्या लोकांना रानटी म्हटले गेले, त्यांनी हे केले.

दुसरी गोष्ट, त्यांनी ते वर्तमानपत्र विकत घेणे सोडले. कुणी कायदा केला नाही, कुणी दगड मारला नाही. गावातल्या अनेक दुकानदारांनी ते ठेवणेच बंद केले. बाप मुलाला सांगू लागला, 'हे आपल्या घरात यायचे नाही.' दशके उलटली तरी तो बहिष्कार टिकला. २०१२ साली त्या वर्तमानपत्राला माफी मागावी लागली, तरीही शहराने ते घरात घेतले नाही.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट, मृतांची कुटुंबे संघटित झाली. १९८९ सालीच न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने पोलिसांचा बंदोबस्त कोलमडला हे मुख्य कारण ठरवले होते. तरी १९९१ साली मृत्यूच्या चौकशीत 'अपघाती मृत्यू' असाच निकाल आला. दुपारी सव्वातीननंतर कुणीही वाचण्यासारखे नव्हते, असे गृहीत धरून त्यापुढचा पुरावाच घेतला गेला नाही.

अॅन विल्यम्स नावाच्या एका आईने हे मान्य केले नाही. तिचा मुलगा १५ वर्षांचा. मदतीला धावलेल्या एका महिला पोलिसाने सांगितले होते, की चारच्या सुमारास त्या मुलाच्या तोंडून 'आई' असा शब्द निघाला. मग सव्वातीनला तो मेला कसा? एवढा एक प्रश्न घेऊन ती वीस वर्षांहून अधिक काळ कागद गोळा करीत, साक्षीदार शोधीत, अर्ज करीत फिरली. अर्जांमागून अर्ज फेटाळले गेले. २०१२ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने तो जुना निकाल रद्द केला. २०१३ च्या १५ एप्रिलला ती चाकांच्या खुर्चीत बसून स्मृतिदिनाला आली आणि तीनच दिवसांनी कर्करोगाने गेली.

कागद बोलू लागले

१२ सप्टेंबर २०१२ रोजी स्वतंत्र समितीने लाखो पानांची कागदपत्रे तपासून अहवाल दिला. पोलिसांच्या १६४ जबान्यांत फेरफार केलेला होता. त्यांपैकी ११६ जबान्यांतून पोलिसांवर ठपका येईल असा मजकूर काढून टाकलेला होता. वेळेवर मदत मिळती तर ४१ जण वाचण्याची शक्यता होती. नव्या चौकशीत त्या मुख्य अधिकाऱ्याने २०१५ साली कबूल केले, की आपण फाटकाविषयी खोटे बोललो. २६ एप्रिल २०१६ रोजी पंचांनी निकाल दिला, की हे मृत्यू बेकायदा होते आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात काहीही दोष नव्हता. न्यायालयाबाहेर म्हाताऱ्या झालेल्या आयांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. सत्तावीस वर्षे लागली.

शिक्षा मात्र जवळजवळ कुणालाच झाली नाही. मुख्य अधिकारी २०१९ साली निर्दोष सुटला. मैदानाच्या माजी सचिवाला तेवढा दंड झाला. त्या दिवसाच्या इजांनी अंथरुणाला खिळलेला एक माणूस २०२१ साली वारला, तो ९७ वा. सरकारी अधिकाऱ्यांना चौकशीत खरे सांगणे बंधनकारक करणारे विधेयक इंग्लंडच्या संसदेत मांडले गेले, ते २०२५ च्या सप्टेंबरात. सत्य सिद्ध झाले, न्याय मात्र अर्धाच राहिला, असे तेथील लोक म्हणतात ते उगीच नव्हे.

आपण यातून काय घ्यावे?

आपला समाजही गर्दीत जमणारा समाज आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात, रांगेत उभी राहतात, पुस्तके घेतात आणि परत जातात. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक रात्रंदिवस राबतात. अशा वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चेंगराचेंगरी ही बेशिस्तीने होते असे सरसकट म्हणणे चूक आहे. किती माणसांना किती वाटा आहेत, यावर सारे अवलंबून असते. म्हणून आत शिरतानाच बाहेरची वाट पाहून ठेवावी. मुलांच्या खिशात नाव व फोन नंबराची चिठ्ठी ठेवावी. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे हे आधीच ठरवावे. दाटी वाढली तर दोन्ही हात छातीसमोर धरावेत म्हणजे श्वासाला जागा राहते. रेट्याविरुद्ध न जाता तिरपे चालत कडेला यावे. आणि मागून आपण कधीही रेटू नये, कारण पुढे काय चालले आहे ते आपल्याला दिसत नसते.

दुसरे, कागद जपावेत. जबानीची प्रत, पावती, दाखला, छायाचित्र, जे असेल ते. लिव्हरपूलच्या आयांना शेवटी कागदांनीच तारले. आणि तिसरे, एकट्याने लढू नये. बाबासाहेबांनी शिक्षण, संघटन आणि संघर्ष ही तीन पावले आपल्याला दाखवली. त्या दूरच्या शहरातली माणसे आपापल्या दुःखातून चालत त्याच वाटेवर आली.

मायकेल थॉमस पुढे १९९१ साली लिव्हरपूलच्याच संघात आला आणि १९९२ च्या चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने लिव्हरपूलसाठी गोल केला. ज्याने विजेतेपद हिरावले त्यालाच त्या शहराने आपला म्हटले. खेळातले वैर नव्वद मिनिटांचे असते. खोट्या आळाविरुद्धचा सामना मात्र कधी सत्तावीस वर्षे चालतो, आणि तो मैदान न सोडणाऱ्यांचाच असतो.

यंदाच्या १५ एप्रिलला पताका उतरवताना त्या ९७ जणांची एक क्षण आठवण करावी, एवढीच आमची विनंती.

जयभीम!